झिरो माइलच्या फलकावरची तीन वाक्यं

विधानभवनाजवळचा झिरो माइल नागपूरकराला दाखवून द्यावा लागत नाही. वालुकाश्माचा खांब, चार घोडे, आणि आता शेजारी त्याच नावाचं मेट्रो स्टेशन. नागपुरातल्या एका शाळेत आठवीच्या भूगोल प्रदर्शनासाठी या जागेवर एक फलक करायचं ठरलं. मसुद्यात तीन वाक्यं होती. झिरो माइल हा भारताचा अचूक भौगोलिक मध्यबिंदू आहे. इंग्रजांनी हा मध्य शोधून काढला आणि १९०७ साली तिथे स्तंभ उभारला. देशातल्या सगळ्या शहरांची अंतरं इथूनच मोजली जातात.

ही वाक्यं शहरात इतकी रुळलेली आहेत की त्यांचा पुरावा कोणी मागत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला संत्र्याच्या बर्फीसोबत हीच माहिती मिळते. फ्लेक्स छापायला जाण्याआधी तिन्ही वाक्यं तपासायची ठरली. तपासणी कशी झाली, कुठे अडलं आणि शेवटी फलकावर काय उरलं, ते पुढे दिलं आहे.

आधी वजाबाकी

अशा तपासणीत पहिली चूक होते ती थेट इंटरनेटवर शोध घेण्याची. ‘झिरो माइल नागपूर’ असं टाकलं की तेच वाक्य पन्नास ठिकाणी दिसतं आणि पन्नास साक्षीदार मिळाल्याचा भास होतो. खरं तर एकानं लिहिलेलं बाकीच्यांनी उचललेलं असतं. म्हणून सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या आकड्यांपासून केली. भारताच्या मुख्य भूमीचा विस्तार ८° ४′ ते ३७° ६′ उत्तर अक्षांश आणि ६८° ७′ ते ९७° २५′ पूर्व रेखांश असा दिलेला असतो. झिरो माइल साधारण २१° ९′ उत्तर, ७९° ५′ पूर्व इथे आहे.

आता नुसती वजाबाकी करायची. नागपूरपासून पश्चिम टोक १०° ५८′ दूर आहे आणि पूर्व टोक १८° २०′. दक्षिणेला १३° ५′ आहेत, उत्तरेला १५° ५७′. उत्तर-दक्षिण फरक कानाआड करता येईल, पण पूर्व-पश्चिम फरक फारच मोठा आहे. फळ्यावर आडवी रेघ ओढून त्यावर नागपूरचा ठिपका दिला की शेवटच्या बाकावरचं पोरगंही म्हणतं, “सर, उजवीकडे तर लई उरलं ना!”

इथे एक ठरलेली गफलत होते. फोनवरचा नकाशा २१.१५ असा दशांश अंश दाखवतो. तो आकडा मुलं २१° १५′ असा उतरवून घेतात. २१.१५ म्हणजे २१° ९′. दशांशातल्या अपूर्णांकाला ६० नं गुणावं लागतं. न गुणता तसंच लिहिलं तर झिरो माइल ११ किमी उत्तरेला सरकून कोराडीकडे पोचतो. म्हणून सगळे आकडे आधी एकाच पद्धतीत आणायचे आणि मगच बेरीज-वजाबाकीला हात घालायचा.

मध्य म्हणजे नेमका कोणता

‘अचूक मध्यबिंदू’ हे शब्द वाचताना एकच बिंदू डोळ्यांसमोर येतो. वेडीवाकडी सीमा असलेल्या देशाला मात्र मध्य काढायच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येक रीत वेगळ्या गावी नेऊन सोडते.

सगळ्यात सोपी रीत चार टोकांची. दोन्ही अक्षांशांची सरासरी २२° ३५′ आणि रेखांशांची ८२° ४६′. हा बिंदू छत्तीसगडमध्ये, कोरबा शहराच्या थोडा उत्तरेला पडतो. झिरो माइलपासून सरळ रेषेत तो सुमारे ४१० किमी दूर आहे. भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२° ३०′ आहे, म्हणजे हा मध्य त्या रेषेच्या अगदी शेजारी आला. नागपूरची स्थानिक वेळ मात्र प्रमाणवेळेपेक्षा १३ मिनिटं ४० सेकंद मागे असते. देशाच्या पूर्व-पश्चिम मध्यापासून आपण किती पश्चिमेला आहोत, ते घड्याळही सांगतंय.

याच रीतीत निकोबारचा इंदिरा पॉइंट धरला तर दक्षिण टोक ८° ४′ ऐवजी ६° ४५′ होतं. मध्याचा अक्षांश २१° ५५′ वर येतो आणि बिंदू सुमारे ७३ किमी दक्षिणेला, जांजगीर-चांपाच्या बाजूला घसरतो. रेखांश तोच राहतो. बेटं धरायची की नाही एवढ्या एका निर्णयानं मध्य एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला. उत्तरेचंही तसंच आहे. ३७° ६′ हे टोक भारताच्या अधिकृत नकाशातलं आहे. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशात काश्मीरजवळची रेषा वेगळी असते. तिथून आकडे उचलले तर मध्य पुन्हा दक्षिणेला सरकतो, आणि मग दोन गटांचं जमत नाही तेव्हा चूक बेरजेत शोधत बसतात. चूक नकाशाच्या निवडीत असते.

संगणकवाल्यांकडे आणखी एक आकडा फिरतो. देशांच्या तयार याद्यांत भारतापुढे अनेकदा २०.५९३७, ७८.९६२९ असं लिहिलेलं सापडतं. हा बिंदू वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट-समुद्रपूर भागात येतो. नागपूरपासून जेमतेम ६३ किमी. त्यामुळे ‘बघा, संगणकही तेच म्हणतो’ असा दाखला लगेच पुढे केला जातो. पण हा आकडा नकाशा उघडताना देश पडद्यावर नीट दिसावा म्हणून वापरतात. त्याला भूमापनाचा पुरावा म्हणता येत नाही.

पुठ्ठ्याचा भारत

दुसरी रीत गुरुत्वमध्याची. देशाच्या आकाराचा, सगळीकडे सारख्या जाडीचा तुकडा कापला तर तो ज्या एका बिंदूवर तोलून राहील तो मध्य. ‘देशाचा मध्य’ म्हणताना बहुतेकांच्या मनात हीच कल्पना असते, आणि ती वर्गात करून बघता येते. फक्त साहित्य जपून निवडावं लागतं.

१ सेमीला ५० किमी असं प्रमाण घेतलं तर काश्मीर ते कन्याकुमारी ३,२१४ किमीचं अंतर सुमारे ६४ सेमी होतं. हे वर्गात हाताळायला सोयीचं माप आहे. बाइंडिंगवाल्याकडचा २ मिमी जाडीचा राखाडी पुठ्ठा घ्यावा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, कारण तो एका दिशेनं वाकतो. नकाशाची छापील प्रत चिकटवताना गोंद एका कोपऱ्यात साचला तर तिथलं वजन वाढतं, म्हणून पातळ हात फिरवायचा आणि रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवायचं.

नकाशा कोणता, हा इथला खरा प्रश्न. फोनवरच्या नकाशाचं चित्र छापून घेतलं तर तो मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात उत्तरेकडचा भाग फुगतो. ३५ अंशांवर क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट दिसतं, कन्याकुमारीजवळ मात्र जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलेलं. असा पुठ्ठा कापला तर लडाखला फुकटचं वजन मिळतं आणि मध्य उत्तरेला ओढला जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा शंकू प्रक्षेपणावरचा नकाशा घेतला की ही अडचण बरीचशी सुटते.

कापताना हमखास तुटणारी जागा म्हणजे सिलिगुडीची चिंचोळी पट्टी. खरी रुंदी सुमारे २२ किमी, म्हणजे या पुठ्ठ्यावर साडेचार मिमीसुद्धा नाही. एका बाजूला अख्खा ईशान्य भारत लटकलेला आणि त्याला धरून ठेवणारी आगपेटीच्या दोन काड्यांएवढी मान. ती तुटली तर पारदर्शक चिकटपट्टी लावून जोडावी. वर पुठ्ठ्याचा जादा तुकडा चिकटवला की वजन वाढलं. न तुटता ती पुढे वाकली तरी निकाल बिघडतो, कारण ईशान्येचं वजन नकाशाच्या पातळीतून बाहेर येतं. याच कारणानं टांगायचं भोक आसाम-अरुणाचलात पाडू नये. काश्मीर, कच्छ आणि ओडिशाचा किनारा ही तीन भोकं पुरतात.

भोक टाचणीपेक्षा किंचित मोठं हवं. टाचणीला पुठ्ठा आणि दोऱ्याला बांधलेला नट असा ओळंबा, दोन्ही एकत्र टांगायचे. पुठ्ठा आपणहून डोलून थांबला की दोऱ्याखाली दोन खुणा करून रेघ ओढायची. तीन भोकांच्या तीन रेघा एकाच बिंदूत मिळतील अशी अपेक्षा करू नये, छोटा त्रिकोण होतो. त्याची बाजू ३ मिमीच्या आत असेल तर चूक १५ किमीच्या आत आहे आणि हात चांगला बसला असं समजावं. बाजू १ सेमी झाली तर टाचणी अडकतेय किंवा पुठ्ठा बाकदार आहे; पुन्हा टांगा.

त्रिकोण येतो तो जबलपूरच्या आसपास. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव भारताचा भौगोलिक मध्य म्हणून ओळखलं जातं, तेही याच बाजूला आहे. झिरो माइलपासून सरळ रेषेत पावणेतीनशे ते तीनशे किमी. पुठ्ठा करौंदीवर नेमकं बोट ठेवणार नाही. पण तो नागपूरवर येत नाही, एवढं अगदी स्वच्छ दाखवतो. त्रिकोण १५ किमीचा आणि फरक अडीचशे किमीचा, तेव्हा पुठ्ठ्याच्या चुकीवर ढकलायला जागा उरत नाही.

“तेव्हा भारत अखंड होता ना”

आजच्या भारतावर हिशोब जमला नाही की पुढचा युक्तिवाद ठरलेला: इंग्रजांनी मध्य काढला तो अखंड भारताचा. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. या प्रकरणात सगळ्यात मजेशीर उत्तर इथेच निघालं.

आजचा पाकिस्तान धरला तर पश्चिम टोक साधारण ६१° पूर्वेला जातं. पूर्व टोक ९७° २५′ तेच ठेवलं तर मध्य रेखांश ७९° च्या थोडा पुढे येतो. म्हणजे नागपूरचाच! अक्षांश मात्र २२° ३५′ राहतो आणि बिंदू नागपूरच्या सरळ उत्तरेला, सुमारे १६० किमीवर, छिंदवाडा जिल्ह्यात पडतो. अर्धा दावा खरा ठरला म्हणायला हरकत नाही.

अडचण तारखेची आहे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. खूण १९०७ ची. त्या साली हिशोब करणाऱ्यानं ब्रह्मदेश वगळला असता असं मानायला काही आधार नाही. तो धरला की पूर्व टोक १०१° पर्यंत जातं, मध्य रेखांश ८१° होतो आणि बिंदू मध्य प्रदेशातल्या दिंडोरीच्या भागात पोचतो. (नाशिकचं दिंडोरी नव्हे.) नागपूरच्या रेखांशाशी जुळणारा अखंड भारत अस्तित्वात होता तो १९३७ ते १९४७ एवढीच वर्षं, खूण घातल्यानंतर तीस वर्षांनी.

दावा जुन्या काळाबद्दल असेल तर नकाशाही त्याच सालचा लागतो. ‘अखंड भारत’ म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी रेषा असते आणि वाद चालू राहतो.

दगड स्वतः काय सांगतो

इतकं गणित होईपर्यंत दगड वाचायला कोणी गेलं नव्हतं. तिथे लिहिलेलं पाहिल्यावर उरलेल्या दोन वाक्यांचा निकाल लागला.

तिथे ‘जी. टी. एस. स्टँडर्ड बेंच मार्क १९०७’ अशी खूण आहे. जी. टी. एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांनी केलेली देशाची मोजणी. बेंच मार्क ही उंचीची खूण असते, हे कुठल्याही बांधकामावरचा सुपरवायझर सांगेल. या खुणेची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९४८ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेला आकडा हाच या दगडाचा मुद्दा आहे. भारतात उंचीचं अचूक मापन १८५८ साली सुरू झालं. मुंबई, कराची, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ किनारी ठाण्यांवर भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी ठरवली, तिथून लेव्हल (सपाटी पाहायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन टप्प्याटप्प्यानं आत येत देशभर जाळं विणलं, आणि १९०९ मध्ये त्या सगळ्या जाळ्याचा हिशोब एकत्र जुळवला. १९०७ ची खूण या कामातली आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती याच प्रकारच्या मापनातून येते.

फोनवर ही उंची पडताळायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. काही ॲप उपग्रहाच्या हिशोबातल्या काल्पनिक लंबगोलापासूनची उंची दाखवतात. नागपुरात ती समुद्रसपाटीवरच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त कमी येते. फोनवर २५० च्या आसपास आकडा दिसला म्हणून इंग्रजांचा दगड चुकला असं जाहीर करू नये.

क्षितिजसमांतर मापनाचा, म्हणजे अक्षांश-रेखांशाचा आरंभबिंदू तर नागपुरात नाहीच. या सर्व्हेचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळापासून तो मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला आहे, सुमारे २४° ७′ उत्तर, ७७° ३९′ पूर्व. त्यांच्या आधी १८०२ मध्ये मद्रासहून हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येतानाच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. सर्वेक्षणाशी विदर्भाचं नातं सांगायचंच तर ही गोष्ट जास्त मोलाची, पण ती कुठल्या फलकावर क्वचितच दिसते.

आता अंतरं. खांबावर मैल कोरलेले आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा (आजचं चंद्रपूर) १२५, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, सिवनी ७९, कवठा ६२. यादीत दिल्ली नाही, कलकत्ता नाही, मुंबई नाही, मद्रास नाही. देशभरची अंतरं जिथून मोजायची त्या खांबावर राजधानीचंच नाव कोरलेलं नाही, हे पटत नाही. हा मध्य प्रांताच्या राजधानीतला, आसपासच्या मोठ्या गावांचे रस्ते दाखवणारा मैलाचा खांब आहे. रस्त्यांचेच कशावरून? ३१८ मैल म्हणजे ५१२ किमी. हैदराबाद सरळ रेषेत सव्वाचारशे किमीच्या आत आहे. जबलपूरचे १७० मैल म्हणजे २७४ किमी, सरळ रेषेत २४२. दोन्हीकडे कोरलेला आकडा जास्त भरतो. चांद्याचा आकडा आजच्या रस्त्याशी जुळत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या वाटेचा आकडा आजच्या मॅपवर जुळवायला जाऊही नये.

असा शून्याचा दगड नागपूरपुरता नाही. पुण्यात जीपीओजवळ आहे. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर सांगायचे. आज नागपुरातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचे किलोमीटर त्या महामार्गाच्या स्वतःच्या टोकापासून मोजले जातात. रेल्वेच्या हिशोबात तर नागपूर ८३७ किमीवर आहे, मुंबई सीएसएमटीपासून.

मग इतक्या लोकांना पटतं कसं

वाक्य चुकीचं ठरवून थांबलं तर तपासणी अर्धवट राहते. लोक वर्षानुवर्षं एखादी गोष्ट मानतात तेव्हा त्यांच्या रोजच्या पाहण्यात तिला काहीतरी टेकू असतो.

नागपूरचा टेकू भक्कम आहे. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर नागपूर जवळजवळ निम्म्यावर येतं, दोन्हीकडे सुमारे १,०९० किमी. मुंबई ८३७ आणि हावडा १,१३१. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं नागपुरात एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची. या चार शहरांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढून बघितली तर सुमारे २०.८° उत्तर, ७९.७° पूर्व असा बिंदू येतो. हे झालं भंडारा जिल्ह्यातलं पवनी, वैनगंगेकाठचं. झिरो माइलपासून ७० किमीच्या आसपास. संगणकाच्या यादीतला तो आकडा सोडला तर आतापर्यंतच्या रीतींत झिरो माइलच्या इतक्या जवळ येणारी ही एकच, आणि ती भूभागाची नाही, चार महानगरांच्या दळणवळणाची आहे.

शिवाय नकाशाकडे नुसतं बघताना डोळा ईशान्येला धरत नाही. सिलिगुडीची मान इतकी बारीक की नजर बंगालपाशी थांबते. उरलेल्या भारतात नागपूर मधोमधच दिसतं.

फलकावर काय गेलं

तिसरं वाक्य पूर्ण काढलं. दुसऱ्यातलं साल ठेवलं आणि ‘मध्य शोधून’ हे शब्द गाळले. पहिल्यावर बरीच ओढाताण झाली. ‘काही जण असं मानतात’ असं घालून तेच वाक्य तसंच ठेवावं, ही सूचना आली होती. ती घेतली नाही, कारण फलक वाचणारा तेवढे शब्द गाळून घरी जातो. ‘हा गैरसमज आहे’ असं मोठ्या अक्षरांत लिहिण्याचाही आग्रह होता. त्यातही धोका तोच. वाचकाच्या लक्षात गैरसमजच जास्त राहतो. जे खरं आहे ते आधी आणि ठळक, असा मजकूर ठरला:

‘झिरो माइल: उंचीची खूण आणि मैलाचा खांब. इथली १९०७ ची खूण सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट उंचीवर आहे. खांबावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, सिवनी इत्यादी ठिकाणांची त्या काळची रस्त्यानं अंतरं मैलांत कोरली आहेत. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई यांना जोडणारे लोहमार्ग नागपुरात भेटतात. भारताच्या भूभागाचा गुरुत्वमध्य इथून सुमारे अडीचशे किमी उत्तरेला, जबलपूरच्या बाजूला आहे.’

शेजारी पुठ्ठ्याचा भारत टाचणीवर टांगलेला ठेवला, ओळंब्यासकट. ज्याला शेवटचं वाक्य पटत नाही त्यानं स्वतः टांगून रेघ ओढावी. ओळंब्याचा नट थोडा जड घ्यावा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं दोरा थांबतच नाही. आणि जादा पुठ्ठे हाताशी ठेवावेत. सिलिगुडीची मान गर्दीत टिकत नाही.